दोन हातांनी दिलेलं कार्ड

तोक्योतल्या त्या कचेरीत मी रुजू झाले त्या सकाळी एका सहकाऱ्याने मला दोन कार्डं दिली. दोन्ही हातांनी, किंचित वाकून, तिथल्या रिवाजाप्रमाणे. पहिलं कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड होतं. दुसरं त्याचं रहिवासी कार्ड. सरकारने दिलेलं, फोटो आणि व्हिसाची मुदत छापलेलं. जपानमध्ये राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला ते घराबाहेर पडताना जवळ ठेवावंच लागतं. माझ्याही पर्समध्ये होतं. पण पोलिसाने मागितल्याशिवाय ते कोणी कोणाला दाखवत असेल, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. मी ते हातात धरून नुसती उभी राहिले.

"वाचा आणि परत द्या," तो इंग्रजीत म्हणाला. "एक कंपनीचं, एक सरकारचं. लोकांना दुसरंच बघायचं असतं, पण विचारायला लाजतात. मी त्यांची लाज वाचवतो."

तो घानाचा. आक्रा शहरात वाढलेला, तिशीच्या आसपासचा. उंची अशी की दारातून येताना मान तिरकी करायची सवय लागलेली. सेंदाईच्या विद्यापीठात तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकला आणि जपानी मात्र तिथल्या म्हाताऱ्या घरमालकिणीकडून शिकला. त्यामुळे त्याची जपानी उत्तरेकडच्या खेड्यातल्या आजीबाईसारखी होती. फोनवर त्याच्याशी बोललेली माणसं प्रत्यक्ष भेटायला आली की त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला वाकून नमस्कार करायची. तो बाजूला सरकून त्यांना पुरेसा वेळ द्यायचा.

आमची कंपनी जुने पूल तपासायची. तो पुलांखाली जाऊन तपासणी करी, आणि मी त्याच्या अहवालांचं इंग्रजी दुरुस्त करी. त्याआधी पुण्यात एका दैनिकात मी उपसंपादक होते. दुसऱ्यांच्या बातम्यांमधली विशेषणं काढून टाकणं हा माझा व्यवसाय होता. नवऱ्याची बँकेतून तोक्योला बदली झाली म्हणून ती नोकरी सुटली. हे कळल्यापासून आक्राचा हा माणूस मला "एडिटर-सान", म्हणजे संपादकबाई, म्हणायचा.

पूल तपासायची मुख्य पद्धत अगदी साधी आहे. लहान हातोड्याने काँक्रीट ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव असेल तर आवाज टणक येतो, आतून सुटलं असेल तर पोकळ. या कामाने त्याच्या बोटांना खोड लागली होती. कचेरीतला खांब, लिफ्टची भिंत, बैठकीतलं टेबल, जे समोर येईल त्यावर तो बोटाच्या पेराने ठोकायचा आणि मान कलती करून ऐकायचा. हिगाशी-कसाईतल्या आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा बूट काढले, नमस्कार केला आणि आधी बैठकीची भिंत ठोकून पाहिली. "चांगली आहे," त्याने माझ्या नवऱ्याला सांगितलं. नवरा नंतर म्हणाला, "मुलगी बघायला आल्यासारखा बघत होता."

पुलाखाली हेल्मेट घालून, हातात हातोडा घेऊन उभा असलेला उंच काळा माणूस दिसला की कोणीतरी पोलिसांना फोन करायचं. कंपनीचं जाकीट अंगात असलं तरी. मी एकदा छायाचित्रांसाठी सोबत गेले होते, तेव्हा दोन सायकली येऊन थांबल्या. दोघे पोलीस अतिशय नम्र होते. त्यांनी त्याचं कार्ड पाहिलं, पिशवी पाहिली, हातोडाही उलटसुलट करून पाहिला. शेजारी तसंच हेल्मेट घालून उभ्या असलेल्या त्याच्या जपानी मदतनिसाला काही विचारलं नाही. मलाही नाही. ते गेल्यावर तो पुन्हा ठोकू लागला. मी काही बोलायच्या आत त्याने भिंतीला कान लावला आणि मला गप्प राहायची खूण केली.

यावर त्याने स्वतःचा एक उपाय काढला होता, आणि तो पाहून मी चाट पडले. जपानमध्ये नव्या घरी राहायला गेलं की आजूबाजूच्या घरी छोटीशी भेट घेऊन जातात, आपली ओळख करून देतात. बहुतेक लोक दोन-चार घरं करतात. याने पूर्ण गल्ली केली आणि शेवटी नाक्यावरच्या पोलीस चौकीतही टॉवेलचा डबा नेऊन दिला. तेव्हापासून रोज सकाळी कामाला जाताना तो चौकीच्या दारात थांबायचा, सुप्रभात म्हणायचा आणि कार्ड दाखवायचा. गावाला जाऊन आला की तिथली मिठाई आणून द्यायचा. विचारण्याआधी सांगून टाकलं की विचारणाऱ्याला काम उरत नाही, असं त्याचं म्हणणं. चौकीतले पोलीस सुरुवातीला गोंधळले. नंतर त्याला हवामान सांगू लागले.

रस्त्यात, स्टेशनात दुसरा काळा माणूस दिसला की तो मान हलवायचा. समोरचाही हलवायचा. ओळखीचा होता का, असं मी विचारलं की म्हणायचा, नाही. कधी थांबून त्या अनोळखी माणसाला जेवलास का विचारायचा. तुम्ही लोक काय करता, त्याने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. गाडीत मराठी ऐकू आलं की आम्ही आवाज खाली करतो आणि बोलणारे पुण्याचे आहेत की मुंबईचे याचा अंदाज घेत खिडकीबाहेर पाहतो. तो बराच वेळ हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "म्हणजे तुम्हाला परवडतं."

आमच्या मंडळींबद्दलचं त्याचं ज्ञान पुढे वाढलं. मी त्याला मराठी मंडळाच्या गणपतीला बोलावलं होतं. भाड्याने घेतलेल्या सभागृहात आरती झाली, जेवणं सुरू झाली. तो भिंतीशी उभा होता, खादीचा झब्बा घालून, आदल्या दिवशी मुद्दाम विकत घेतलेला. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरचे, कचऱ्याच्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या हातात देऊन परत आले. त्यांना तो सभागृहाचा सफाई कामगार वाटला. तो पिशव्या घेऊन बाहेर गेला, बऱ्याच वेळाने परत आला आणि पान वाढून घेऊन नेमका त्याच गृहस्थांच्या शेजारी बसला. त्यांना म्हणाला, "तुम्ही लोक कचरा फार मिसळता. मी वेगळा केला. जळणारा डावीकडे, प्लास्टिक उजवीकडे." गृहस्थांनी घास हातात धरूनच आपलं कार्ड काढलं. त्याने आपली दोन दिली.

परतताना मी माफी मागू लागले तर त्याने विषय बदलला. आमच्या भाषेत त्याच्यासारख्या माणसाला काय म्हणतात, हे त्याला हवं होतं. मी म्हटलं, वर्तमानपत्रात 'कृष्णवर्णीय' लिहितो, तो सभ्य शब्द आहे. त्याने विचारलं, "सभ्य कोणासाठी?" उपसंपादकाच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्याच्या घरी एक खुर्ची होती. त्याच्यासारखे केस कापणारा न्हावी जवळपास मिळत नाही, म्हणून तो स्वतःच मशीन चालवायला शिकला होता आणि महिन्यातल्या एका रविवारी त्याच्याकडे केस कापायला माणसं जमायची. एक वकील, एक शाळामास्तर, सॉफ्टवेअरमधले काही, लंडनच्या बँकेतून आलेला एक. घाना, नायजेरिया, जमैका, अमेरिका. सगळे तरुण, सगळे नोकरदार. एका पातेल्यात टोमॅटोचा तिखट भात शिजत असायचा. बढती, व्हिसा, आईचे फोन, लग्न कधी, घर कधी, असं बोलणं चालायचं. पुरुषांच्या जागी बायका बसवल्या तर आमच्या हळदीकुंकवातही फारसं वेगळं काही नसतं.

खुर्चीचा नियम एकच. बसणाऱ्याने आपल्याला काय हवंय ते मोठ्याने सांगायचं. खोटं वाटलं तर मशीन सुरू व्हायचं नाही. माझा नवरा एकदा कुतूहलाने बसला. म्हणाला, "प्रमोशन." मशीन गप्प. म्हणाला, "इथे फ्लॅट घ्यावा म्हणतो." तरी गप्प. मागे सात-आठ जण भात खात थांबले होते. नवऱ्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "मला पुण्याला परत जायचंय." मशीन सुरू झालं. हे तो मला कधीही बोलला नव्हता. तोक्यो किती सोयीचं आहे हे तो दर रविवारी आईला फोनवर सांगायचा. मी हातातली बशी खाली ठेवली. आज मी हे पुण्यात बसून लिहिते आहे.

मग नवऱ्याने उठून त्याला विचारलं, "आणि तुझं?" जमलेल्यांना उत्तर माहीत होतं, कारण तो दर वेळी तेच सांगायचा. त्याला ते कार्ड सरकारला परत करायचं होतं.

देश सोडून जाताना लोक कार्ड परत करतात. त्याला ते तिथेच राहून करायचं होतं, म्हणजे जपानी नागरिक व्हायचं होतं. नागरिकाला कार्ड नसतं. "मोठं होणं म्हणजे काय," तो म्हणायचा, "काही न घेता कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात दूध आणायला जाता येणं. लहान मुलाला जाता येतं. मला येत नाही. म्हणजे मी अजून झालो नाही." लंडनचा बँकवाला यावर म्हणायचा की भाऊ, कार्ड परत केलंस तरी चेहरा परत घेत नाहीत. सगळे हसायचे. तोही.

त्याने अर्ज केला. जपान दुसरं नागरिकत्व ठेवू देत नाही, म्हणून घानाचा पासपोर्ट जाणार होता. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: मी मेले तर तू मला पुरायला व्हिसा काढून येणार का? आणि फोन ठेवला. हे त्याने मला कचेरीच्या जिन्यात सांगितलं, कठडा ठोकत. पुढे कित्येक महिने आईने फोन घेतला नाही. तो दर रविवारी करत राहिला.

त्याच सुमाराला त्याने गुडघे वाकवून चालायला सुरुवात केली. कचेरीत, जिन्यावर, स्टेशनात. आम्हाला वाटलं, दुखणं असेल. कारण निराळं होतं. त्याच्या गल्लीत सप्टेंबरात देवळाची यात्रा असते. तेव्हा मिकोशी, म्हणजे देवाची लाकडी पालखी, गल्लीतली माणसं खांद्यावर घेऊन फिरवतात. त्याला दांड्याखाली जागा हवी होती. गल्लीच्या मंडळाचे प्रमुख दारूच्या दुकानाचे मालक होते, सत्तरीपुढचे, कमी बोलणारे. त्यांनी नाही म्हटलं. कारण रास्त होतं. दांड्याखालचे खांदे एका पातळीवर असावे लागतात. एक जण उंच असला की सगळा भार त्याच्यावर येतो, किंवा पालखी कलते. तो म्हणाला, मी बुटका होईन. मालक म्हणाले, बघू.

वर्षभर तो बुटका होण्याचा सराव करत होता. दुकानासमोरून रोज वाकलेल्या गुडघ्यांनी जायचा. मालक काउंटरवरून पाहायचे. उन्हाळ्यात नागरिकत्व मंजूर झालं. त्याने कार्ड परत केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोलीस चौकीत जाणं बंद केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुकानाच्या मालकांनी त्याला दांड्याची मागची डावी जागा दिली. सकाळी वेळेवर ये, एवढंच म्हणाले.

यात्रेच्या सकाळी मी मंडळाच्या सभाघरापाशी उभी होते. माणसं आत जाऊन मंडळाचे छोटे अंगरखे घालत होती. त्यांना खिसे नसतात, म्हणून पाकिटं, फोन, किल्ल्या एका मोठ्या टोपलीत ठेवत होती. त्याचा पत्ता नव्हता. मग त्याचा फोन आला. चौकीत आहे, मालकांना सांग उशीर होईल.

मी मालकांना सांगितलं, पोलिसांनी अडवलंय. त्यांनी घड्याळ पाहिलं. "उशीर होणार तर," ते म्हणाले आणि आत गेले.

मी चौकीवर गेले. चौकी त्याची रोजचीच, नाक्यावरची. पण माणसं बदललेली होती. त्याचं तिथे जाणं बंद झाल्यावर जुन्यांच्या बदल्या झाल्या होत्या आणि आलेल्या तरुण पोलिसाने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याला खुर्ची दिली होती, चहा दिला होता. तो उभाच होता. पोलिसाने रहिवासी कार्ड मागितलं होतं. याने सांगितलं होतं, माझ्याकडे नाही. बाळगत नाही, की विसरलात, की हरवलं? नाही, माझ्याकडे नाही. मी जपानी आहे. मग दुसरं काही ओळखपत्र? यावर तो विचारत होता, त्याच्या त्या आजीबाईच्या जपानीत, की कशासाठी? मी काय केलं?

पोलिसाकडे याचं उत्तर नव्हतं आणि तो ते अत्यंत नम्रपणे देत होता.

त्याच्या पँटच्या खिशात पाकीट होतं, पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्स होतं. मला माहीत होतं, कारण पुलांवर जाताना गाडी तोच चालवायचा. मी इंग्रजीत म्हटलं, लायसन्स दाखव आणि चल, पालखी उचलतील. ज्या माणसाने वर्षानुवर्षं न मागता कार्ड पुढे केलं, कचऱ्याच्या पिशव्या हातात देणाऱ्या गृहस्थांनाही दोन हातांनी दिलं, तो खिशाकडे हात नेत नव्हता. मला धक्का बसला तो याचा, पोलिसाच्या वागण्याचा नाही. त्याची मला सवय झाली होती.

"त्यांनी मागितलं ते माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "खरं तेवढंच आहे. ते मी सांगितलंय."

"तुझी जागा जाईल."

"हो."

गल्लीच्या टोकाकडून ढोल वाजला आणि माणसांची आरोळी आली. पालखी उचलली होती. तो चौकीत ताठ उभा होता, आणि त्या आवाजासरशी त्याचे गुडघे आपोआप वाकले. सराव झालेल्या उंचीवर येऊन थांबले. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हळूहळू ते सरळ केले.

शेवटी पोलिसाने कुठेतरी फोन केला, बराच वेळ थांबला, मग फोन ठेवून खाली वाकून माफी मागितली. आम्ही सभाघरापाशी पोहोचलो तेव्हा पालखी पहिल्या विसाव्याला टेकली होती. मागच्या डाव्या जागेवर भाजीवाल्याचा जावई होता.

"उशीर," मालक म्हणाले.

"उशीर झाला. माफ करा," तो म्हणाला.

चौकीबद्दल तो बोलला नाही. मला राहवेना. माझ्या मोडक्या जपानीत मी म्हटलं, त्याची चूक नव्हती, तुम्हाला सांगितलं होतं मी. मालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कारण सगळ्यांकडे असतं," ते त्यालाच म्हणाले. "मागच्या साली माझा मुलगा उशिरा आला. तो काय करत बसला होता, ठाऊक आहे ना? जा."

तो गेला. ते दुष्टपणे बोलले की नाही, हे मी आजही ठरवू शकत नाही. तेव्हा मात्र मी अशी चिडले होते की त्याच्या मागे न जाता पालखीबरोबर चालत राहिले. बातमीचं पहिलं वाक्य मनात जुळवत होते.

दुपारी सभाघरात गेले. सगळी गल्ली पालखीमागे गेली होती. आत तो एकटा तातामीच्या चटईवर बसला होता, मंडळाचा अंगरखा घालून. बाह्या कोपरापर्यंतच पोहोचत होत्या. समोर ती टोपली. तिच्यात साऱ्या गल्लीची पाकिटं, फोन, घरांच्या किल्ल्या. उशिरा येणाऱ्याने हेच करायचं असतं, टोपली राखायची. मालकांच्या मुलाने मागच्या वर्षी हेच केलं होतं. सकाळी ज्याला पोलिसाने कार्डासाठी अडवून ठेवलं, त्याच्यापाशी हे सगळं टाकून माणसं निघून गेली होती आणि त्यात विशेष काही आहे असं कोणालाही वाटलं नव्हतं.

बोटाच्या पेराने तो टोपलीच्या काठावर ठोकत होता.

"यावर मी लिहिणार आहे," मी दारातून म्हटलं. "चौकीवर, आणि त्या म्हाताऱ्यावर."

"आईने फोन घेतला," तो म्हणाला. "सांगितलं, पालखी मिळाली नाही, राखण करतोय. तिने विचारलं, कोणाची? म्हटलं, शेजाऱ्यांच्या पैशांची. तर म्हणाली, मग जेवून घे, जागा सोडू नकोस."

मी बूट काढून आत पाऊल टाकलं. त्याने हात आडवा केला. चेहरा एकदम बदलला, सकाळच्या त्या तरुण पोलिसासारखा नम्र झाला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"माफ करा. कार्ड?"

मी पर्स उघडली, कार्ड काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. ठेवल्यावर मला कळलं की तो थट्टा करत होता.

तो हसला नाही. कार्ड त्याने पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी परत केलं.

"इतक्या लगेच काढायचं नसतं, एडिटर-सान," तो म्हणाला. "आधी कारण विचारायचं."